भाडेकरू राहत असताना घर विकायचंय? मग हे कागद आधी जमवा

घरात भाडेकरू आहे म्हणून रजिस्ट्री अडत नाही, अडतो तो ताबा. आमचं परभणीतलं तीन खोल्यांचं घर विकताना हे आम्हाला इसार घेतल्यावर कळलं, म्हणजे घेणाऱ्याच्या वकिलाने "आत राहतात त्यांचा करार कुठंय" असं विचारलं तेव्हा. आमच्याकडं होतं वहीचं एक पान, त्यावर डिपॉझिट वीस हजार आणि भाडेकरू काकांची सही, बस्स.

विकू कोण शकतं ते आधी बघा. ज्याचं नाव खरेदीखतावर अन् पीआर कार्डावर (म्हणजे मिळकत पत्रिकेवर) तोच. वडील वारलेले असतील तर आधी वारसनोंद, मग बहिणी धरून सगळ्या वारसांच्या सह्या, नाहीतर रजिस्टर केलेलं मुखत्यारपत्र. घरावर लोन असेल तर बँकेचं पत्र. भाडेकरूची परवानगी लागत नाही, फक्त करारात "विकायचं झालं तर आधी मला विचारा" अशी ओळ नाही ना एवढं वाचून घ्या.

आपले कागद नेहमीचेच: मूळ खरेदीखत, सूची दोन (रजिस्ट्रीचा नोंदणी उतारा, इंडेक्स टू), पीआर कार्ड (ग्रामपंचायतीत असेल तर नमुना आठ, म्हणजे घराचा उतारा), घरपट्टी-नळपट्टी भरल्याच्या पावत्या, लाईट बिल, आधार, पॅन. गुंठेवारीतलं (मंजुरीशिवाय गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या जागेवरचं) घर असेल तर नियमितीकरणाचा कागद पण, तिथं लई सौदे फसतात.

आता भाडेकरूचे कागद, खरी गोची इथंच. आपल्याकडं मराठवाड्यात आधी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता, ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणं भाडेकरार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. म्हणून आम्ही काकांकडून एक पत्र लिहून घेतलं की भाडं किती, डिपॉझिट किती, कधीपासून राहतात, कुठल्या महिन्यापर्यंत भाडं दिलंय आणि घरावर दुसरा काही हक्क सांगत नाही. साधं पान आहे, पण घेणारा त्यावरच निवांत झाला. आणि हो, घर दाखवायला नेताना आधी फोन करा, आमच्या दलालाने रविवारी दुपारी काकू भाकरी थापत असताना चार माणसं आत घातली, त्यानंतर सही मिळवायला मला तीन चकरा पडल्या.

घर विकलं हे काही खाली करायला लावायचं कारण होत नाही. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, भाडेकरू तसाच राहतो. घाई म्हणून नळ-लाईट तोडायचं तर डोक्यातच आणू नका, कलम २९ मध्ये त्याला बंदी आहे. त्यामुळं खरेदीखतात "भाडेकरूसहित ताबा" असं स्पष्ट लिहा, डिपॉझिट कोण परत देणार तेही. आम्ही वीस हजार किमतीतूनच वजा केले.

पुढं रजिस्ट्रीची माहिती ऑनलाईन भरायची, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचं चलान काढायचं, दोन साक्षीदार घेऊन दुय्यम निबंधकाकडं जायचं. शुल्क रेडी रेकनर (सरकारी दराने निघणारी किंमत) आणि सौद्याची किंमत यात जे जास्त त्यावर लागतं. किंमत ५० लाख किंवा त्याच्या वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस (आपल्या नावाने सरकारात भरायचा आयकर) कापतो, रक्कम कमी आली म्हणून भांडू नका.

रजिस्ट्री झाली की भाडेकरूला दोघांच्या सहीचं पत्र द्या की यापुढं भाडं नव्या मालकाला. हे पत्र जायच्या आधी त्याने प्रामाणिकपणे आपल्यालाच भाडं दिलं तर त्याच्याकडून ते दुसऱ्यांदा मागता येत नाही. आधीची थकबाकी आपली, ती आपणच वसूल करायची.

घरपट्टीला नाव लावणं घेणाऱ्याचं काम, पण लाईटचं मीटर पण बदलून घ्यायला लावा. आमच्या घेणाऱ्याने अजून बदललं नाही, बिलाचे मेसेज मलाच येतात.