स्टोलन: उपासाच्या पावात लोणी आलं कुठून?

घरी पहिल्यांदा स्टोलन, म्हणजे जर्मनीतला नाताळचा सुक्या मेव्याचा पाव, करायला घेतला की सामान बघूनच धसका बसतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या बेकरांचं प्रमाण म्हणजे 1 किलो मैद्याला किमान अर्धा किलो लोणी, 650 ग्रॅम बेदाणे, 200 ग्रॅम संत्र्या-लिंबाच्या पाकवलेल्या साली आणि 150 ग्रॅम बदाम. एवढं ओझं यीस्टने उचलायचं! म्हणून आधी थोडा मैदा, कोमट दूध आणि यीस्ट एवढंच कालवून अर्धा तास झाकून ठेवतात. बुडबुडे दिसले की मग उरलेला मैदा आणि लोणी. रममध्ये रात्रभर भिजलेले बेदाणे अगदी शेवटी, नाहीतर गोळा मळताना फाटतो. आपण केक म्हणतो, पण हा मुळात पावच.

1474 साली ड्रेस्डेनच्या एका रुग्णालयाच्या हिशेबात त्याची नोंद आहे ती उपासाचं खाणं म्हणून. मैदा, यीस्ट, पाणी, बस्स. नाताळाआधीच्या उपासात चर्चने लोणी-दूध वर्ज्य केलेलं. आपला उपास साजूक तुपातल्या साबुदाण्याच्या खिचडीवर मजेत निघतो, सॅक्सनीतल्या, म्हणजे ड्रेस्डेनच्या प्रांतातल्या, लोकांना मात्र तेलावर भागवावं लागे. तिथल्या राजघराण्याने पोपकडे दाद मागितली आणि 1491 मध्ये आठव्या इनोसंट पोपने लोण्याला परवानगी देणारं पत्र धाडलं. फुकट नाही हं, बदल्यात चर्चच्या बांधकामाला पैसे द्यायचे. इतिहासात ते ‘लोण्याचं पत्र’ म्हणूनच ओळखलं जातं.

लोणी आलं, सुका मेवा वाढत गेला, यीस्ट मात्र टिकलं. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर केली ती थेट 1843 मध्ये. तोवर स्टोलनची चव आणि पोत ठरून गेले होते. मधल्या काळात, 1730 साली, सॅक्सनीवर राज्य करणाऱ्या ऑगस्ट नावाच्या राजाने लष्करी सोहळ्यासाठी 1.8 टनांचा स्टोलन भाजून घेतला. तो थाटमाट सोडा, मला घरगुती रीतच जास्त आवडते. बायका आपापलं सामान घेऊन गल्लीतल्या बेकरकडे जात आणि आपला स्टोलन दुसरीच्या घरी जाऊ नये म्हणून त्यावर नावाची पत्र्याची खूण खोचत.

पूर्व जर्मनीच्या काळात बेदाणे-बदामांचीच टंचाई. पश्चिमेकडच्या नातेवाइकांनी पार्सल धाडलं तर ठीक. लिंबाच्या सालीऐवजी हिरवे टोमॅटो पाकवून घालत, संत्र्याच्या सालीच्या जागी गाजर.