'ए/एफ'चा कागद म्हणजे नंबर नव्हे: पासिंगचे कागद, दंड आणि सवलत

दसऱ्याच्या सकाळी शोरूममधून गाडी बाहेर येते. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि नंबरप्लेटच्या जागी 'ए/एफ' छापलेला कागद. नंबरासाठी अर्ज केलाय, एवढंच तो सांगतो. गाडी मात्र अजून बिनानोंदणीचीच, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे ती रस्त्यावर आणता येत नाही.

शिक्षा कलम १९२ मध्ये आहे. पहिल्यांदा सापडलात तर २,००० ते ५,००० रुपये दंड. पुन्हा सापडलात तर ५,००० ते १०,००० रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून सुटका नाही, कारण कलमात 'जाणूनबुजून' हा शब्दच नाही. शिवाय चालवणाऱ्याइतकाच चालवायला देणाराही दोषी. 'जा, एक चक्कर मारून ये' म्हणत भाच्याला किल्ली देणारे मामाही आलेच त्यात. कलम २०७ खाली पोलीस गाडी अडकवून ठेवू शकतात, ते वेगळंच.

राज्यातच घेतलेल्या नव्या गाडीचा अर्ज डीलरनेच करायचा असतो आणि नंबर लागेपर्यंत ताबाही द्यायचा नसतो. म्हणून मुहूर्त साधायचाय तर पैसे आधी भरा. लागतात ते कागद असे: अर्जाचा फॉर्म २०, विक्रीचा फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२, विमा, पत्त्याचा पुरावा. कर्ज असेल तर बँकेचा बोजा अर्जातच नोंदवतात. चेसिस नंबर मात्र प्रत्येक कागदावर स्वतः अक्षर न् अक्षर ताडून बघा. एक आकडा चुकला तरी फाइल परत येते.

परराज्यात गाडी घेतली तर तात्पुरता नंबर मिळतो. त्याची मुदत लक्षात ठेवा. २०११ साली अशी मुदत संपलेली एक गाडी जोधपूरला चोरीला गेली. विमा कंपनीने भरपाई नाकारली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते योग्यच ठरवलं.

टेम्पो, टॅक्सीवाल्यांनो, तुमची गोष्ट आणखी कडक. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र, संपलं की गाडी बिनानोंदणीचीच धरतात, दंडही तोच.

सवलत एकच: आणीबाणीच्या वेळी आजारी किंवा जखमी माणसाला नेताना, औषधं किंवा संकटग्रस्तांसाठी अन्न पोचवताना गाडी वापरली तर कलम १९२ लागत नाही. मात्र सात दिवसांत तसं प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवायचं. लेखीच द्या, आणि पोच घ्या.