अस्तित्ववाद

एकेका माणसाचं जगणं आणि त्याचे निर्णय केंद्रस्थानी ठेवणारी, १९व्या शतकात मूळ असलेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये प्रचंड गाजलेली विचारधारा. हिची एकच व्याख्या देणं अवघड, कारण ज्यांची नावं यात हमखास घेतली जातात त्यातल्या बऱ्याच जणांनी हे लेबल स्वतःच नाकारलंय.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही अभ्यासक १७व्या शतकातल्या फ्रेंच विचारवंत पास्कलपर्यंत मागे जातात, काही तर थेट प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिनपर्यंत, पण तसं केलं की कुठलाही अस्वस्थ माणूस अस्तित्ववादी ठरतो, त्यामुळे डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार (१८१३–१८५५) पासून सुरुवात धरणंच बरं. 'अस्तित्व' हा शब्द नुसतं 'असणं' या अर्थाने न वापरता निर्णय घेणाऱ्या एकेका माणसाच्या जगण्यासाठी वापरला तो त्यानेच. जर्मनीत तत्त्वज्ञ यास्पर्सचं 'अस्तित्वाचं तत्त्वज्ञान' या अर्थाच्या नावाचं पुस्तक १९३८ला आलं. 'अस्तित्ववाद' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचं श्रेय सहसा फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेलला देतात, काळ साधारण १९४३च्या आसपासचा. १९४५च्या उन्हाळ्यात एका चर्चेत मार्सेलने फ्रेंच तत्त्वज्ञ-लेखक सार्त्रला 'अस्तित्ववादी' हे विशेषण लावलं तेव्हा सार्त्रने ते झटकून टाकलं होतं असं सार्त्रची सहचारिणी, लेखिका सिमोन द बोव्हारने आठवणींत लिहिलंय, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याने तेच नाव घेऊन बाजू मांडली. फ्रेंच लेखक कामूने त्याच वर्षी मुलाखतीत 'मी अस्तित्ववादी नाही' असं सांगितलं, १९४७ला छापलेल्या पत्रात जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरनेही अंतर राखलं, आणि पुढे मार्सेलनेही ते नाव सोडलं.

मानवी स्वभावाबद्दलचा युक्तिवाद मुख्यतः सार्त्रचा. कागद कापायची सुरी बनवणाऱ्याच्या डोक्यात ती कशासाठी हे आधीच ठरलेलं असतं. माणसाचं तसं नाही, तो आधी जन्माला येतो आणि मग जे करत जातो त्यातून तो कोण ते ठरतं. म्हणून ठरलेला 'स्वभाव' नाही. पण जगात असणं, काम करणं, इतरांमध्ये वावरणं, मरणं ही परिस्थिती मात्र सगळ्यांना सारखीच. हे स्वातंत्र्य झेपत नाही म्हणून माणूस एखाद्या भूमिकेत लपतो. सार्त्रचं उदाहरण म्हणजे कॅफेतला वेटर, ज्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, वाकणं जरा जास्तच तत्पर, जणू तो वेटर असण्याचा खेळच करतोय. याला सार्त्र आत्मवंचना म्हणतो.

जगण्याच्या अर्थाबद्दल मात्र यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. किर्केगार श्रद्धेकडे जातो. कामूच्या मते (१९४२चं लेखन) असंगतपणा ना एकट्या माणसात ना एकट्या जगात, माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं त्या दोघांच्या गाठभेटीत तो असतो, आणि उडी मारून श्रद्धेत शिरणं त्याला पळवाट वाटते. सार्त्रच्या लेखी अर्थ आपणच निर्माण करायचा. छळछावण्यांतून वाचलेला व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल याचंही नाव इथे घेतात, पण तो नेमका उलट बोलतो: अर्थ बनवायचा नसतो, तो शोधून सापडतो.