अमिताव घोष : टिपणवहीतून हवामान-साहित्याकडे

इंग्रजीत लिहिणारे भारतीय कादंबरीकार अमिताव घोष हवामानबदलाच्या विषयाकडे आले ते मानववंशशास्त्राच्या वाटेने. इजिप्तमधल्या खेड्यात राहून केलेल्या अभ्यासावर त्यांना १९८२ मध्ये ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळाली. प्रबंधात न मावलेलं बरंच काही दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’मध्ये उतरलं. आधी जागेवर जाऊन राहायचं, माणसांचं बोलणं टिपायचं, दप्तरं धुंडाळायची आणि मग गोष्ट रचायची, ही सवय पुढे न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापकी करतानाही सुटली नाही. सुंदरबनावरच्या ‘द हंग्री टाइड’मध्ये (२००४) भरती-ओहोटीचं वेळापत्रक, डॉल्फिनच्या नोंदी आणि १९७९ चं मरीचझापी प्रकरण (तिथल्या बेटावरून निर्वासितांना बळाने हुसकावलं गेलं ते) एकाच कथेत येतं, ते याच सवयीमुळे. त्याच वर्षी डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा ते अंदमान-निकोबारला जाऊन वार्तांकनही करून आले.

हवामानाचं हे रूप कादंबरीत आणण्यातली खरी अडचण मात्र कारागिरीची होती. १७ मार्च १९७८ रोजी दिल्ली विद्यापीठाच्या परिसरात चक्रावाताने (टोर्नेडोने) थैमान घातलं. विद्यार्थी असलेले घोष त्यातून थोडक्यात वाचले. हा प्रसंग कादंबरीत आणायचा प्रयत्न त्यांनी अनेक वर्षं केला, पण तो बसेना. का? आधुनिक कादंबरी रोजच्या, संभवनीय गोष्टींवर उभी असते. चहा, नोकरी, लग्नाची बोलणी यांतून वाचकाचा विश्वास कमावलेला असतो. तिथे अचानक वावटळ घुसवली की वाटतं, लेखकाचं कथानक अडलं म्हणून वादळ आणलं. हवामानबदलात नेमक्या अशाच ‘अशक्य’ घटना वाढतात, आणि गंभीर कादंबरी त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवते.

हा मुद्दा त्यांनी शिकागो विद्यापीठातल्या व्याख्यानांत मांडला. ती व्याख्यानं २०१६ मध्ये ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकाच्या रूपाने आली : कथा, इतिहास आणि राजकारण असे तीन भाग. मराठी वाचकाने त्यातली मुंबईची पानं आवर्जून वाचावीत. कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांच्याशी चर्चा करून घोष विचारतात : भराव घातलेल्या या चिंचोळ्या पट्ट्यावर मोठं चक्रीवादळ थेट धडकलं तर? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि तेव्हा तर चक्रीवादळही नव्हतं. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मुंबई थोडक्यात वाचली.

विज्ञानकथेच्या बाजूने आक्षेप आला की हवामान तिथे कधीचंच आहे, घोष ते मोजतच नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. ‘बनगरवाडी’च्या (१९५५) शेवटी दुष्काळाने ओस पडणारं गाव पाहिलेल्या वाचकालाही ‘कादंबरी निसर्गाला बाहेर ठेवते’ हे विधान जरा घाईचं वाटेल.

‘अशक्य’ घटना गोष्टीत आणायच्या कशा, या स्वतःच्याच प्रश्नाला त्यांनी दोन उत्तरं दिली. ‘गन आयलंड’मध्ये (२०१९) योगायोग लपवण्याऐवजी ढळढळीत मांडले, लोककथेत असतात तसे. काहींना ते अतीच वाटले. २०२१ च्या ‘जंगलनामा’त त्यांनी गद्यच सोडलं. सुंदरबनची वनदेवी बनबीबी हिची कथा, सलमान तूर यांची चित्रं आणि पयार या बंगाली छंदाच्या वळणाची इंग्रजी द्विपदी : दोन ओळींत मिळून २४ अक्षरं. पयार आपल्या ओवीसारखाच मोठ्याने म्हणायचा. कथेतही वाघाच्या तावडीतल्या दुखे या गरीब मुलाची हाक बनबीबीपर्यंत पोचायला ती याच छंदात असावी लागते.