ब्रोच उलटा करून पाहिला तर

ब्रोच म्हणजे कपडा अडकवायचा पिनेचा दागिना. हा कासवाच्या पाठीसारखा फुगीर, आतून पोकळ, लांबीला साधारण 10-11 सेंमी. स्टॉकहोमच्या पश्चिमेला, मेलारन सरोवरातल्या बेटावर बिर्का नावाचं व्हायकिंगांचं, म्हणजे आठव्या ते अकराव्या शतकातल्या स्कँडिनेव्हियन दर्यावर्दींचं, व्यापारी गाव होतं. तिथल्या स्त्रियांच्या कबरींत असे ब्रोच बहुधा जोडीनं सापडतात, एक डाव्या खांद्याखाली आणि एक उजव्या. बाईच्या लोकरी झग्याचे दोन पट्टे या जोडीनं अडकवलेले असत, आणि दोन्हींच्या मधे काचेच्या, कार्नेलियन या तांबूस दगडाच्या मण्यांची माळ लोंबत असे. व्हायकिंग म्हटलं की लोकांना कुऱ्हाड आठवते. मला मात्र त्या काळाबद्दल सर्वांत जास्त सांगणारी वस्तू हा रोजच्या वापरातला ब्रोच वाटतो.

आधी पुढची बाजू. नक्षीकडे थोडा वेळ टक लावून पाहिलं की तिच्यातून एक प्राणी वर येतो. मांजराचं की अस्वलाचं ते कळू नये असं तोंड, वटारलेले डोळे, रिबिनीसारखी बारीक कंबर. चारही पंजे कशाला तरी घट्ट धरून बसलेले: चौकटीच्या कडेला, शेजारच्याच्या पायाला, नाहीतर स्वतःच्याच गळ्याला. हा ‘पकड घेणारा प्राणी’ आठव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागला आणि पुढे शंभर-दीडशे वर्षं टिकला. ओतकाम करणाऱ्यासाठी तो फार सोयीचा होता. हातपाय हवे तसे वाकवता येत असल्यानं गोल, चौकोनी, लांबट अशी कुठलीही जागा तो भरून काढी आणि नक्षीत मोकळी फट उरत नसे.

या प्राण्याची रूपं बदलत गेली, आणि अभ्यासकांनी त्या बदलांना त्यांच्याशी जोडलेल्या ठिकाणांची नावं दिली: ओसेबर्ग, बोर्रे, येलिंग, मामेन, रिंगेरिके, उर्नेस. पण नुसती नक्षी पाहून साल कळत नाही. ते लाकडानं सांगितलं. झाडाच्या खोडातली वर्षवलयं मोजून ते कधी तोडलं हे ठरवता येतं. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या जहाजावर दोन स्त्रियांना पुरलं होतं. त्या दफनकक्षाचं लाकूड 834 सालचं निघालं. डेन्मार्कमध्ये येलिंगच्या ज्या टेकाडातून चांदीचा छोटा पेला मिळाला, त्यातलं लाकूड 958-59 च्या हिवाळ्यातलं. चांदीच्या तारा ठोकून सजवलेली मामेनची लोखंडी कुऱ्हाड 970-71 च्या कबरीतली. असे खुंटे ठोकल्यावर मधल्या दागिन्यांचा काळ लावता आला. शैली एकमेकींवर चढलेल्या आहेत, बोर्रे आणि येलिंग तर कधीकधी एकाच वस्तूवर भेटतात. अकराव्या शतकातल्या उर्नेस शैलीत प्राणी पार सडपातळ होतो आणि वेलीसारखा स्वतःभोवतीच वळसे घेतो. माझ्या मते व्हायकिंग कारागिरांची रेघ इतकी सुंदर आधी कधीच पडली नव्हती.

आता ब्रोच उलटा करू. आतल्या बाजूला अनेकदा कापडाच्या विणीचा ठसा दिसतो, आणि तो कारागिराच्या हातातून आलेला आहे. आधी तयार नमुन्यावर माती दाबून पुढच्या बाजूचा साचा घेत. त्यात ओलसर कापड अंथरून वर पुन्हा माती दाबत. दोन भाग वेगळे करून कापड काढलं की मधे नेमकी तेवढी पातळ पोकळी उरे. साचा मिटवून भाजायचा आणि मुशीतला वितळलेला तांब्याचा मिश्रधातू ओतायचा. कापड जेवढं जाड, तेवढाच ब्रोचचा पत्रा जाड! साचा मात्र दर वेळी फोडावा लागे. डेन्मार्कमधल्या रिबे गावात अशा साच्यांच्या तुकड्यांचे ढीग सापडले आहेत.

तिथंच, पिनेच्या आसपास, कधीकधी खरं कापडही उरतं. लोकर आणि लिनन जमिनीत कुजून जातात. पण तांबं गंजताना सुटणारे क्षार जंतूंना मारक ठरतात, आणि ब्रोचला चिकटलेलं बोटभर कापड हजार वर्षं तग धरतं. बिर्काच्या स्त्रिया काय नेसत, हे बरंचसं या चिंध्यांवरूनच कळलं.

चांदीच्या कड्यांची गोष्ट वेगळी. अडीनडीला दागिना ‘मोडणं’ तिथं अक्षरशः होतं: कडं तोडून तुकडा तराजूत टाकत. ही चांदी मुख्यतः अरबी दिरहम नाण्यांतून येई. स्वीडनच्या गोटलँड बेटावर 1999 मध्ये सापडलेल्या स्पिलिंग्सच्या एकाच साठ्यात 67 किलो चांदी होती.

ब्रोचच्या मागच्या बाजूचं आणखी एक उदाहरण स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हंटर्स्टन ब्रोच व्हायकिंगांनी घडवलेला नाही. चांदी, सोनं आणि अंबरचा हा दागिना इसवी सन 700 च्या सुमाराचा, व्हायकिंग गलबतं त्या किनाऱ्याला लागण्याच्याही आधीचा. दहाव्या शतकात कुणीतरी तो पालथा केला आणि टोकदार हत्यारानं त्यावर नाव कोरलं. लिपी रून, भाषा व्हायकिंगांची नॉर्स, नाव मात्र स्कॉटलंड-आयर्लंडकडचं, गेलिक: हा ब्रोच मेलब्रिग्दाचा.