रात्री पाइपलाइन दुरुस्त करायची आहे? अर्जात आधी आवाजाचं वेळापत्रक लिहा

पाण्याची लाइन मुहूर्त पाहून फुटत नाही. तिची दुरुस्ती मात्र बहुतेक वेळा रात्रीवर जाते, आणि त्याला कारण आहे. दिवसा रस्त्यावर वाहनं आणि घरोघरी पाण्याची मागणी असते. म्हणून संध्याकाळी लोकांच्या टाक्या भरून झाल्या की वॉल्व बंद करायचा, लाइन रिकामी करायची, फुटका तुकडा कापून नवा बसवायचा आणि पहाटेच्या पुरवठ्याआधी पाणी सोडायचं, असा अभियंत्याचा हिशेब असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये गोव्यात कुर्टी-खांडेपारला ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाची जलवाहिनी फुटली, तेव्हा तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांनी कित्येक दिवस टँकरची वाट पाहिली. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना रात्रीचं काम का लागतं हे समजवावं लागत नाही. तरीही रात्री अकराला खिडकीखाली ब्रेकर सुरू झाला की तीच माणसं ११२ ला फोन लावतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

या दोन्हींच्या मध्ये जो कागद लागतो त्याबद्दल हे लिहितोय. कंत्राटदारांसाठी असे अर्ज लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यातले निम्मे अर्ज परत येत, कारण त्यात एकच वाक्य असे: ‘रात्रीच्या वेळी काम करण्यास परवानगी मिळावी.’ असं वाक्य वाचून कुठलाही अधिकारी सही करणार नाही, आणि का करणार नाही हे नियम उघडून पाहिलं की कळतं.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हा केंद्राचा नियम गोव्यालाही लागू आहे. त्यात रात्र म्हणजे १० ते पहाटे ६. संगीत दहाच्या ठोक्याला बंद व्हायला हवं हे हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांच्या वादांमुळे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. बांधकामाच्या यंत्रांचं कलम मात्र फारसं कुणी वाचलेलं नसतं. २०१० च्या दुरुस्तीत ५-अ हा नियम घातला गेला. त्याचा तिसरा उपनियम सांगतो की आवाज करणारी बांधकाम यंत्रं निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री वापरायची नाहीत. त्याच ५-अ मध्ये हॉर्नबद्दल बोलताना ‘सार्वजनिक आणीबाणी वगळून’ असे शब्द आहेत. बांधकाम यंत्रांच्या ओळीत ते नाहीत. लाउडस्पीकरला सणासुदीचे काही दिवस बारापर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे; तो फक्त लाउडस्पीकरपुरता. तेव्हा लाउडस्पीकरच्या परवान्याचा अर्ज घेऊन त्यात ‘लाउडस्पीकर’ खोडून ‘ब्रेकर’ लिहिणाऱ्यांनी (असे अर्ज मी पाहिलेत) तो कागद जपून ठेवावा, दुसऱ्या काही कामाला येईल.

मग मागायचं काय? निवासी वाड्यात (म्हणजे वस्तीत) रात्रभर ब्रेकर चालवायची सूट मागायची नाही, ती साध्या अर्जावर मिळणार नाही. काम कोणत्या टप्प्यांत आहे, कोणतं यंत्र किती वाजेपर्यंत चालेल, दहानंतर फक्त कोणती शांत कामं होतील, आणि त्यासाठी रस्ता किती वेळ बंद लागेल, हे सगळं मांडून त्या वेळापत्रकाला मान्यता मागायची.

दुरुस्तीचं काम उलगडून पाहिलं की हे वाटतं तितकं अवघड नाही. डांबर किंवा काँक्रीट कापणारा कटर, ब्रेकर, खोदणारा जेसीबी आणि शेवटी माती दाबणारा रॅमर, हे चार गोंगाटी. पाणी उपसणारा पंप आणि जनरेटर मधले. तुकडा कापून कॉलर (दोन पाइप जोडणारं कडं) बसवणं, बोल्ट आवळणं, जोड तपासणं हे तुलनेनं शांत, आणि सगळ्यात वेळखाऊही तेच. म्हणजे कटर-ब्रेकर संध्याकाळी सहा ते दहात उरकले, खड्डा उघडा ठेवून रात्री फिटिंग केलं आणि रॅमर सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पों-पों ऐकू आल्यावर लावला, तर नियमही राहतो आणि पाणीही येतं. मधल्या वेळात खड्ड्यावर लोखंडी प्लेटा. कधी डांबर आदल्या दिवशी दुपारीच कापून ठेवता येतं. हे वेळापत्रक अर्जाचं पहिलं जोडपत्र असलं पाहिजे. बाकी कागद त्याच्या मागे.

‘आम्ही आवाज कमी ठेवू’ असं नुसतं लिहू नका, तो शब्द कुणीही मानत नाही. गणित करून दाखवा. ब्रेकरचा आवाज एक मीटरवर १०० डेसिबल धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. म्हणजे चार मीटरवर, आपल्या अरुंद गल्ल्यांत घराची भिंत जिथे असते तिथे, ८८. आणि ३२ मीटरवर ७०. रात्रीची मर्यादा निवासी भागात ४५, व्यापारी भागात ५५, औद्योगिक भागात ७० आणि शांतता क्षेत्रात ४० आहे. दिवसाची अनुक्रमे ५५, ६५, ७५ आणि ५०. म्हणजे ब्रेकरभोवती ताडपत्री लावून ४५ वर येणं शक्य नाही. हा हिशेब अर्जात स्वतः मांडला की अधिकाऱ्याला कळतं की तुम्ही फसवत नाही. जनरेटर मात्र बंद खोक्याचा असेल तर एक मीटरवर ७५ पर्यंत राहतो, कारण १००० केव्हीएपर्यंतच्या जनरेटरसाठी २००५ पासून ती मर्यादाच ठरलेली आहे. त्याची पाटी यंत्रावर असते. तिचा फोटो जोडा.

व्यापारी किंवा औद्योगिक भागात, म्हणजे वेर्णा किंवा कुंडईसारख्या वसाहतीत, ५-अ ची थेट बंदी लागत नाही, पण मर्यादा लागते. तिथे अर्ज हलका असतो. पण शेजारी एक जरी वाडा असला तर हलका समजू नका.

अर्ज कुणी करायचा हा प्रश्न साधा वाटतो, पण घोळ इथेच होतो. लाइन ज्याची, अर्ज त्याचा. पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे (साबांखा) असलेला पाणीपुरवठा आता वेगळ्या पेयजल खात्याकडे आहे, मलवाहिनी मलनिस्सारण महामंडळाची असू शकते, गॅसची लाइन त्या कंपनीची. कंत्राटदार अर्ज करू शकतो, पण वर्क ऑर्डर आणि त्या खात्याचं अधिकारपत्र जोडूनच. हाउसिंग सोसायटीला स्वतःच्या आवारातली लाइन दुरुस्त करायची असेल तर रस्ता खणण्याची परवानगी लागत नाही. आवाजाचा नियम मात्र तिलाही तोच. आवारातलं काम म्हणून रात्री दोनला भिंत फोडणाऱ्या सोसायट्या गोव्यात नाहीत असं नाही.

अर्ज कुणाला? रस्ता खणायची परवानगी रस्त्याच्या मालकाकडून घ्यायची: पणजीत महानगरपालिका, इतर शहरांत नगरपालिका, गावात पंचायत, आणि मोठ्या रस्त्यांवर साबांखाचा रस्ते विभाग, राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्गाचा विभाग वेगळा. रस्ता बंद करायचा किंवा वाहतूक वळवायची असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो (मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ११५) आणि त्याआधी वाहतूक पोलिसांचा अभिप्राय. आवाजाच्या नियमात ‘प्राधिकारी’ म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा सरकारने नेमलेला, पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालचा नसलेला अधिकारी. गोव्यात व्यवहार जिल्हाधिकारी किंवा तालुक्याचे उपजिल्हाधिकारी यांच्याशी होतो. साळगावच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे प्रत पाठवायची, मापन लागलं तर तेच करतात. पण मंडळ तुम्हाला रात्रीचा परवाना देणार नाही. तिथे दोन फेऱ्या वाया घालवू नका.

लाइन फुटून खरोखर आपत्तीसारखी वेळ आली, रुग्णालयाचं पाणी गेलं, रस्ता खचायला लागला, तर वाट वेगळी आहे. जिल्हाधिकारी हे २००५ च्या कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. खात्याच्या कार्यकारी अभियंत्याने त्यांच्याकडे लेखी मागणी करून लेखी आदेश घ्यायचा, त्यात तास आणि यंत्रं नमूद हवीत. ‘साहेबांनी फोनवर सांगितलं’ हे पोलीस आल्यावर चालत नाही. आदेशाची प्रत जागेवर, सुपरवायझरच्या खिशात असावी.

आता कागद. वेळापत्रक आणि आवाजाचा हिशेब झाला. त्याखेरीज जागेचा नकाशा लागतो, आणि त्यावर शंभर मीटरचं वर्तुळ काढून त्यातलं रुग्णालय, शाळा, न्यायालय दाखवावं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय जागा शांतता क्षेत्र ठरत नाही. तरी वर्तुळ काढाच, अधिसूचना शोधण्यापेक्षा वर्तुळ काढणं सोपं. मग अभियंत्याचं एका पानाचं पत्र: लाइनचा व्यास, ती दिवसा बंद केली तर कोणते भाग कोरडे राहतील, दुरुस्तीला किती तास. रस्ता खणण्याच्या परवानगीची प्रत, रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क किंवा अनामत भरल्याची पावती. वीज खात्याचं ना हरकत पत्र, कारण भूमिगत केबल कुठून गेली आहे हे खणल्यावर कळणं महागात पडतं. खणण्यापूर्वीची सूचना देण्यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप २०२३ पासून आहे. त्यावर नोंद केल्याचा स्क्रीनशॉट जोडला की प्रश्न कमी येतात. शेवटी रात्री जागेवर हजर असणाऱ्या माणसाचं नाव आणि चालू असलेला मोबाइल. कार्यालयाचा लँडलाइन नंबर देणाऱ्यांनी रात्री एकला तो कोण उचलणार हे एकदा स्वतःला विचारावं.

अर्ज मराठीत करता येतो. राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या सरकारी वापराची सोय आहे. यंत्रांची यादी मात्र इंग्रजीतही जोडा, अभियंत्याच्या टेबलावर तीच वाचली जाते. मजकूर साधारण असा:

‘विषय: __ रस्त्यावरील भूमिगत जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी दि. __ रोजीच्या कामाच्या वेळापत्रकास मान्यता मिळण्याबाबत.
महोदय, वरील ठिकाणी __ मि.मी. व्यासाची जलवाहिनी फुटली असून दिवसा दुरुस्ती केल्यास __ भागाचा पुरवठा खंडित होईल. कटर व ब्रेकर सायं. ६ ते रात्री ९.४५ पर्यंतच वापरले जातील. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत फक्त जोडणी व तपासणी होईल. ब्रेकर, कटर व रॅमर बंद राहतील. सकाळी ६ नंतर माती दाबण्याचे काम होईल. यंत्रांची यादी, नकाशा व रहिवाशांना दिलेल्या सूचनेची प्रत सोबत जोडली आहे. कृपया मान्यता द्यावी.’

९.४५ हे मी मुद्दाम लिहितो. दहा लिहिलं की दहा वाजता शेवटचा दगड फुटायचा असतो.

अर्ज दिल्यावर प्रतीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का घ्या. शक्य असेल तर आठवडाभर आधी द्या. आणि पावसाच्या तोंडावर साधारण मे महिन्यापासून रस्ते खणण्याच्या परवानग्या आखडत्या होतात हे ध्यानात ठेवून नियोजित दुरुस्त्या त्याआधीच काढा. चवथ (गणेश चतुर्थी), शिगमो, गावची जत्रा, चर्चचं फेस्त आणि दहावी-बारावीची परीक्षा, या दिवसांत नियोजित काम लावणारा अभियंता मला अजून भेटायचाय. पण भेटला तर त्याचा अर्ज पंचायतीतूनच परत येईल.

सूचनेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आदल्या दिवशी वाड्यातल्या घरांत चिठ्ठी टाका: काय काम, किती वाजेपर्यंत आवाज, पाणी कधी येणार, कुणाला फोन करायचा. पंचायतीच्या पंचाला सांगा, चर्च आणि देवळाच्या समितीलाही. घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल त्यांनी आधी कळवायला सांगा. कंत्राटदार म्हणतात, चिठ्ठी टाकली की विरोध जागा होतो. माझा अनुभव उलटा आहे: चिठ्ठी न टाकता उघडलेल्या खड्ड्यापाशी रात्री अकराला माणसं जमतात, ती चिठ्ठी टाकल्यावर सात वाजता चहा घेऊन विचारायला येतात.

रहिवासी म्हणून तुमच्या बाजूनेही: जागेवर परवानगीची प्रत मागायला संकोच नको. मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त आवाज असेल, किंवा रात्रीच्या बंदीचाच भंग होत असेल, तर प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. दुसऱ्या बाबतीत आवाज मोजून दाखवावा लागत नाही, रात्री यंत्र चालू होतं एवढं पुरेसं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १ एप्रिल २०२४ पासून अशा भंगाला किमान १० हजार आणि कमाल १५ लाख रुपयांचा दंड आहे. त्यामुळे कंत्राटदारानेही सुपरवायझरला एकदा आकडा सांगून ठेवावा.

काम संपल्यावर रस्ता पूर्ववत केल्याचे फोटो, काम किती वाजता सुरू झालं आणि कोणतं यंत्र कधी थांबलं याची जागेवर ठेवलेली वही, आणि अनामत परत मागणारं पत्र एकत्र सादर करा. वही नसेल तर अनामतीचं पत्र मागे पडतं, कारण खड्डा कधी भरला हे कार्यालयाला दुसरीकडून कुठे कळणार?