ऑब्लिव्हियन आणि स्कायरिम: संगीतकार एक, म्हणून संगीतही एकच?

ऑब्लिव्हियन आणि स्कायरिम हे 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतले दोन व्हिडिओ गेम. एप्रिल २०२५ मध्ये ऑब्लिव्हियन नव्या रूपात आला आणि स्कायरिमवर वाढलेली पिढी पहिल्यांदाच सिरोडीलमध्ये, म्हणजे ऑब्लिव्हियनच्या प्रांतात, उतरली. तेव्हापासून एक वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत: "म्युझिक तर स्कायरिमचंच आहे की!" नाही हो. 'अभ्यासासाठी स्कायरिम संगीत' म्हणून जे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ फिरतात, त्यांत ऑब्लिव्हियनच्या दोन-चार धुना बिनदिक्कत घुसडलेल्या असतात आणि कुणाला काही खटकत नाही. मला खटकतं.

गोंधळाचं उघड कारण आधी उरकून टाकू. दोन्हींचा संगीतकार जेरेमी सोल. याच मालिकेतल्या २००२ च्या मॉरोविंड या गेमसाठी त्याने 'नेरेव्हार रायझिंग' ही शीर्षकधून बांधली. तिचाच तीन चढत्या सुरांचा मुखडा २००६ मध्ये ऑब्लिव्हियनच्या 'रेन ऑफ द सेप्टिम्स'मध्ये घोडदौडीच्या लयीत आला. २०११ मध्ये स्कायरिमच्या 'ड्रॅगनबॉर्न'मध्ये तो पुन्हा आला, यावेळी तीस-एक पुरुषांच्या कोरससकट. त्यांचं गाणं तीनदा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवलंय, म्हणून नव्वद जण अंगावर येतायत असं वाटतं. स्कायरिमवाल्यांना हे सगळं पाठ असतं. पण ही झाली मेनूवरची धून. मेनूवर आपण थांबतो किती? पार्श्वसंगीत त्यानंतर सुरू होतं, आणि तिथे हे दोन गेम एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.

वाद्यांवरून फरक सांगणारे बरेच भेटतात. ऑब्लिव्हियनमध्ये हार्प-बासरी पुढे, स्कायरिममध्ये शब्दांविना गुणगुणणारा कोरस, वगैरे. ढोबळमानाने बरोबर आहे. अल्बमच्या लांबीतही फरक आहे: ऑब्लिव्हियनचे २६ तुकडे, तर स्कायरिमला चार सीडी लागल्या. यापलीकडे त्यात फार काही नाही.

खरी गोम वेगळीच आहे. कधी वाजवायचं आणि कधी गप्प बसायचं, हे गेमला कितपत कळतं?

मूळ ऑब्लिव्हियनचं म्युझिक फोल्डर उघडून बघा. आत पाच कप्पे आहेत: एक्सप्लोअर, पब्लिक, डंजन, बॅटल आणि स्पेशल. गेमला तुमच्याबद्दल जवळपास एवढंच कळतं की तुम्ही उघड्यावर आहात, वस्तीत आहात, भुयारात आहात की मारामारीत. त्या त्या कप्प्यातली कुठलीही धून तो उचलतो आणि लावतो. अँव्हिल हे समुद्राकाठचं गाव, ब्रुमा उत्तरेच्या बर्फातलं. दोन्हीकडे त्याच धुना. वेळेशी तर काही देणंघेणंच नाही. 'हार्वेस्ट डॉन' म्हणजे नावातच पहाट, पण ती भर मध्यरात्री वाजेल, आणि 'डस्क ॲट द मार्केट' सकाळी. एक संपली की लगेच दुसरी. श्वास घ्यायलाही उसंत नाही.

स्कायरिममध्ये भटकंतीच्या फायलींची नावंच सकाळ, दिवस, तिन्हीसांजा आणि रात्र अशी वेगळी आहेत. 'सेकुंडा' रात्रीच कानावर पडते, कारण ती रात्रीसाठीच लावलेली आहे. सेकुंडा हे त्या जगाच्या दोन चंद्रांपैकी धाकट्याचं नाव. गावांचं संगीत वेगळं, गुत्त्यांचं वेगळं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शांतता. क्रिएशन किट हे स्कायरिमचं मॉडिंगचं, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये स्वतः बदल करण्याचं, साधन उघडलं तर संगीताच्या यादीत 'सायलेंट ट्रॅक' असा एक प्रकारच सापडतो. म्हणजे मधे जो नुसता वारा ऐकू येतो, तो कुणीतरी ठरवून, मोजूनमापून ठेवलेला आहे. तिथे एखादी फाइल गहाळ झालेली नसते.

धुनांची घडणही याला धरूनच आहे. ऑब्लिव्हियनमध्ये संगीत थांबतच नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. 'विंग्ज ऑफ कायनारेथ' घ्या किंवा 'किंग अँड कंट्री': चाल सुरू होते, वर चढते, वळण घेते, ठरल्या जागी येऊन थांबते. गेम बंद केल्यावरही भांडी घासताना गुणगुणता येते. स्कायरिमचे तुकडे वाऱ्यातूनच निघतात आणि वाऱ्यातच विरतात. संपले कधी ते कळतही नाही. त्या अल्बमच्या शेवटी 'स्कायरिम ॲटमॉस्फिअर्स' नावाचा बेचाळीसेक मिनिटांचा तुकडा आहे. तो म्हणजे नुसता तानपुरा: वर गाणारं कुणी नाही आणि कुणी असायची गरजही नाही.

हा फरक सगळ्यात जास्त कुठे बोचतो, तर मारामारीत. रुमारे तळ्याच्या काठाने चालला आहात, फुलं तोडताय, बासरी छान रंगात आलीय. अचानक सूर कापले जातात आणि ढोल-पितळी वाद्यांचा गदारोळ उठतो. तलवार उपसून गरागरा वळता. समोर कुणीच नाही. कुठल्यातरी दगडामागे एका मडक्रॅबने, म्हणजे चिखलातल्या खेकड्याने, तुम्हाला पाहिलेलं असतं. तुम्हाला तो दिसायच्या आत संगीताने चुगली केलेली असते. दोन फटक्यांत खेकडा आडवा, की लगेच पुन्हा गोड बासरी. खेकडा असो की नरकातून आलेला डेड्रा, कप्पा तोच, आवेशही तोच. स्कायरिमसुद्धा चुगली करतो, त्याला मी माफ केलेलं नाही. पण तिथे निदान ड्रॅगन आला की 'वन दे फिअर'मधला कोरस उठतो, आणि लांडगा आणि ड्रॅगन यांच्यात काही फरक आहे हे गेमला माहीत असल्याचं कळतं.

जाता जाता दोन किरकोळ तक्रारी. 'द ड्रॅगनबॉर्न कम्स' ही स्कायरिमची शीर्षकधून नव्हे. ते गुत्त्यातले भाट गातात ते गाणं आहे. आणि स्कायरिमच्या २०१२ च्या 'ड्रॅगनबॉर्न' या विस्तारात सोल्स्थाइम बेटावर जे ऐकून तुम्ही हळवे झालात, ते मॉरोविंडमधून आणलेलं संगीत आहे. त्याचं श्रेय स्कायरिमला देऊ नका.

आवडीचं विचाराल तर नुसतं ऐकायला ऑब्लिव्हियन, डोळे झाकून. खेळताना मात्र स्कायरिम. दोन्ही एकत्र कालवणारे मॉड मला अजिबात सोसत नाहीत: स्कायरिममधल्या विंटरहोल्डच्या बर्फात 'किंग अँड कंट्री' सुरू झाली की चाल लक्ष मागत राहते, आणि तिथलं ओसाडपण गेलंच म्हणून समजा.

उलटा प्रयोग मात्र करून बघण्यासारखा आहे. ऑब्लिव्हियनची जुनी पीसी आवृत्ती असेल तर तिच्या म्युझिक फोल्डरमध्ये टाकाल ती एमपी३ गेम वाजवतो. दोन-तीन मिनिटांच्या आवाजच नसलेल्या चार-पाच फायली एक्सप्लोअरच्या कप्प्यात टाका. मधूनमधून त्यांची पाळी येईल, आणि तेवढा वेळ सिरोडीलमधले पक्षी ऐकू येतील. बॅटलच्या कप्प्यात तर मी त्यांच्याशिवाय दुसरं काही ठेवतच नाही.